पेठेतल्या गल्लीचा झोन बदलायचा? आधी टेप काढा

जळगावातली जोशी पेठ घ्या, धुळ्याच्या नंबरी गल्ल्या घ्या, नाहीतर भुसावळ-अमळनेरात स्टेशनापासून बाजारापर्यंतचा जुना पट्टा. चित्र एकच दिसतं. खाली दुकान, मागे गोदाम, जिन्यानं वर गेलं की घर, आणि माळदाच्या धाब्यावर वाळत घातलेले पापड. अशा भागात नवा आलेला माणूस वाडा विकत घेतो किंवा गाळा भाड्यानं घेतो आणि पहिल्याच महिन्यात त्याला कोणीतरी सांगतं, "झोन कमर्शियल करून घ्या, मग काही कटकट नाही." बहुतेक वेळा हा सल्ला चुकीचा असतो. पेठेत काय चालेल हे नकाशातल्या रंगापेक्षा समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर जास्त ठरतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत झोनबदलाचा अर्ज बराच उशिरा येतो.

पायरी १: झोन, रस्ता आणि आरक्षण वेगळे करा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रत्येक शहराची विकास योजना असते. तिच्या नकाशात जमिनीला रंग असतो, तो झोन. निवासी पिवळा, वाणिज्य निळा, औद्योगिक जांभळा. तरी नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचूनच खात्री करा, छपाईत रंग फसवतात. त्याच नकाशात शाळा, भाजी मंडई, वाहनतळ, बगीचा अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा असतात, ते आरक्षण. आणि रुंद करायचे किंवा नव्यानं काढायचे रस्ते असतात. शिवाय जुन्या गावाभोवती दाट वस्तीची हद्द आखलेली असते. तुमची मिळकत या हद्दीच्या आत आहे की बाहेर, यावर एफएसआय (म्हणजे भूखंडाच्या तुलनेत किती बांधता येतं ते प्रमाण), समोर सोडायची जागा आणि वापर हे सगळं बदलतं.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. ऑफिसात सगळे तिला 'युडीसीपीआर'च म्हणतात. या नियमावलीत निवासी झोनचे दोन प्रकार आहेत, आर-१ आणि आर-२. आर-२ म्हणजे मिश्र वापराचा निवासी झोन. दाट वस्तीत ९ मीटर किंवा त्याहून रुंद रस्त्याला लागून असलेला निवासी भूखंड आर-२ मध्ये मोडतो, त्याहून अरुंद रस्त्यावरचा आर-१ मध्ये. आर-१ च्या परवानगीच्या वापरांची यादी आखूड, आर-२ ची बरीच लांब. नकाशात दोन्ही पिवळेच दिसतात. पेठेतल्या निम्म्या भांडणांचं मूळ इथं आहे: माणूस पिवळा रंग पाहून घाबरतो आणि निळा मागायला जातो, खरं तर त्याला फक्त रस्ता ९ मीटरचा आहे हे कागदावर दाखवायचं असतं.

पायरी २: चार कागद

मिळकत पत्रिका, म्हणजे बोलीत सिटी सर्वेचा उतारा. त्याच सि.स. नंबरच्या नगर भूमापन नकाशाची नक्कल. विकास योजनेचा भाग नकाशा. आणि झोन दाखला. पहिले दोन भूमी अभिलेख खात्याकडून, पुढचे दोन महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागाकडून. जळगावात महापालिकेच्या इमारतीला गावभर नुसतं 'सतरा मजली' म्हणतात. पत्ता विचारताना तेवढं पुरतं. भाग नकाशा आणि झोन दाखला या लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खालच्या सेवा आहेत. मुदत फलकावर लिहिलेली असते, ती पाहून पोच घ्या.

झोन दाखला मागताना नुसतं 'झोन दाखला मिळावा' लिहिलंत तर एका ओळीचं उत्तर येतं: "सदर मिळकत निवासी विभागात समाविष्ट आहे." त्यातून काही कळत नाही. अर्जात असं लिहा:

"सि.स. नं. ___ ही मिळकत (१) कोणत्या झोनमध्ये आहे, (२) दाट वस्तीच्या हद्दीत आहे किंवा कसे, (३) लगतच्या रस्त्याची अस्तित्वातील व प्रस्तावित रुंदी किती, (४) मिळकतीवर पूर्ण अथवा अंशतः आरक्षण आहे काय, (५) रस्त्याची नियमित रेषा निश्चित केलेली आहे काय, याचा उल्लेख करून दाखला मिळावा."

(नियमित रेषा म्हणजे पालिकेनं ठरवलेली रस्त्याची हद्द.) पाचही मुद्द्यांचं उत्तर एकाच दाखल्यात आलं तर पुढची अर्धी पायपीट वाचते. नाही आलं, तर राहिलेल्या मुद्द्यांसाठी माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं.

मिळकत पत्रिका मिळाली की दोन रकाने आधी वाचा. एक, धारकाचं नाव. पेठेत आजोबांचं नाव अजून चालू असणं ही रोजची गोष्ट आहे. वारस नोंद नसेल तर ती आजच टाका, कारण पुढे काही अर्जांना मालकीचा पुरावा लागतोच. दोन, सत्ता प्रकार. तिथं शासनानं भाडेपट्ट्यानं किंवा शर्तीवर दिलेली जमीन निघाली तर वापर बदलायला जिल्हाधिकारी कार्यालयाची वेगळी परवानगी लागू शकते. झोन कितीही अनुकूल असला तरी ती शर्त सुटत नाही.

पायरी ३: टेप

३० मीटरची फायबर टेप घ्या, दोन माणसं न्या, आणि सकाळी शटर उघडायच्या आत जा. एकदा हातगाड्या लागल्या की टेप सरळ राहत नाही. तीन ठिकाणी मोजा: गल्लीची दोन्ही टोकं आणि सगळ्यात अरुंद जागा. नवखा माणूस ओट्यापासून ओट्यापर्यंत मोजतो. पेठेतला ओटा, पायरी, पत्र्याची पडवी हे बहुतेक वेळा मिळकतीच्या हद्दीबाहेर रस्त्यावर आलेलं असतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत वेगळं मोजा आणि ओट्यासह वेगळं. दोन्ही आकडे लिहा.

आता हे आकडे भूमापन नकाशाशी जुळवा. तो १:५०० प्रमाणात असतो, म्हणजे १ मिलिमीटर म्हणजे अर्धा मीटर. ९ मीटरचा रस्ता नकाशात १८ मिलिमीटर दिसायला हवा. विकास योजनेच्या नकाशावर मात्र पट्टी लावू नका. १:५००० च्या नकाशात १ मिलिमीटरचे ५ मीटर होतात, अर्ध्या मिलिमीटरची रेघ स्वतःच अडीच मीटर जाड. त्यावर '९ मीटर' असा आकडा छापलेला असेल तर तो धरा. रेघ मोजून काढलेला आकडा कोणी मानत नाही.

फूट आणि मीटरची गल्लतही इथंच होते. ९ मीटर म्हणजे २९.५३ फूट. लोक ज्याला 'तीस फुटी' म्हणतात तो रस्ता खरोखर ३० फूट असेल तर ९.१४ मीटर भरतो आणि पास होतो. पण नोंदीत २९ फूट असेल तर ८.८४ मीटर, नापास. बोलताना कोणी फूट-अर्धा फूट मोजत नाही, पण १६ सेंटिमीटरवर वरच्या मजल्याचं ऑफिस अडतं.

रस्ता खूपच अरुंद असेल, बोळच म्हणा, तर दुसरा हिशेब लागतो. दाट वस्तीत साडेचार मीटरपेक्षा अरुंद गल्ली साडेचार मीटरची धरतात आणि नवं बांधकाम गल्लीच्या मध्यरेषेपासून २.२५ मीटर मागे घ्यावं लागतं. समजा बोळ ३.६ मीटरचा आहे. मध्यरेषेपासून तुमच्या भिंतीपर्यंत १.८ मीटर झाले, म्हणजे आणखी ०.४५ मीटर, दीड फूट, आत सरकायचं. २० फूट तोंडाच्या वाड्यात ही ३० चौरस फूट जागा गेली. वाडा विकत घेण्याआधी हा हिशेब करा.

धुळ्यात एक सोय आहे. १८१९ च्या सुमारास इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जच्या काळात नवी वसाहत आखून बसवली गेली, त्यामुळे तिथल्या गल्ल्या सरळ आहेत आणि एका जागचं माप पुढे फारसं बदलत नाही. जुन्या धुळ्यात किंवा जुन्या जळगावात मात्र वीस पावलांत दोन मीटरचा फरक पडतो.

पायरी ४: तुमचं दुखणं नेमकं कोणतं

दाट वस्तीत, पिवळा झोन, रस्ता नोंदीत ९ मीटर किंवा जास्त: झोनबदल मागूच नका. वापरबदलाची परवानगी मागा. १९६६ च्या अधिनियमात वापरात मोठा बदल करणं हेसुद्धा 'विकास'च आहे, त्यामुळे कलम ४४ खाली अर्ज करायचा आणि परवानाधारक वास्तुविशारदामार्फत नकाशे दाखल करायचे. काम बहुतेकदा वाहनतळावर अडतं. घराच्या जागी दुकान आलं की वाहनांची गरज वाढते, आणि पेठेतल्या अखंड बांधलेल्या मिळकतीत गाडी ठेवायला जागा नसते. हा प्रश्न आर्किटेक्टला पहिल्या भेटीतच विचारा.

रस्ता ८ मीटरच्या पुढे पण ९ च्या आत: तुमचा मार्ग रस्त्याच्या नियमित रेषेचा आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली आयुक्त जाहीर नोटीस आणि स्थायी समितीच्या मान्यतेनं रस्त्याची नवी रेषा ठरवू शकतात. भुसावळ, अमळनेरसारख्या नगरपरिषदांना १९६५ चा वेगळा अधिनियम लागू आहे. मात्र ही रेषा एकट्याच्या दारासमोर आखत नाहीत, ती पूर्ण गल्लीला लागते. दोन्ही बाजूंच्या मालकांना पुढे बांधकाम करताना तेवढी जागा सोडावी लागते, म्हणून सह्यांचा कागद आधी तयार हवा. ज्याचं घर नुकतंच बांधून झालंय तो सही देणार नाही. त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जा.

जागेवर आरक्षण आहे: झोनबदलाचा अर्ज इथं निरुपयोगी. अंतिम योजना अंमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस, म्हणजे 'जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा' अशी नोटीस, देता येते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर या नोटिशीची मुदत २४ महिने आहे. नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडलेच पाहिजेत. आजोबांच्या नावाचा उतारा जोडून पाठवलेल्या नोटिशीवर पहिला आक्षेप तोच येतो.

जुनी जिनिंग-प्रेसिंगची जागा: खानदेशात स्टेशनाजवळ अशा जागा प्रत्येक गावात आहेत, कापसाच्या वैभवाच्या काळातल्या. नकाशात त्या जांभळ्या असतात आणि आता चारी बाजूंनी वस्ती आलेली असते. औद्योगिक झोनमधल्या जमिनीला निवासी-वाणिज्य वापर द्यायची तरतूद नियमावलीतच आहे. सुविधांसाठी जागा सोडण्याच्या अटी पाळाव्या लागतात. आधी ती वाट तपासा, मगच पुढचं वाचा.

पायरी ५: खरोखर झोनच बदलायचा असेल तर कलम ३७

वरच्या कोणत्याही खान्यात तुम्ही बसत नसाल, तर मंजूर विकास योजनेत फेरबदल मागायचा. एक अट नीट समजून घ्या: फेरबदलानं योजनेचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. एका गल्लीचा पट्टा निळा करणं यात बसू शकतं, अर्धी पेठ बदलणं बसत नाही. दुसरं, हा तुमचा हक्क नाही. फेरबदल नियोजन प्राधिकरण करतं, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषद; तुम्ही फक्त विनंती करता.

अर्ज गेला की नगररचना विभाग अभिप्राय तयार करतो. अभिप्राय अनुकूल असेल तर विषय महासभेपुढे जातो. निवडून आलेली सभा नसेल तर प्रशासक निर्णय घेतात. ठराव झाला की राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस, हरकती-सूचनांसाठी एक महिना, बाधित मालकांना स्वतंत्र नोटीस, सुनावणी. मग प्रस्ताव नगरविकास विभागाकडे. शासन नगररचना संचालकांचा सल्ला घेतं आणि अधिसूचनेनं मंजुरी देतं. कायद्यात त्यासाठी एक वर्षाची मुदत आहे. प्रत्यक्षात फाइल अडते ती ठरावानंतर. राजपत्राची नोटीस काढायला महिने जातात, सुनावणीचा अहवाल टंकलेखनात राहतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचा आवक-जावक क्रमांक आणि तारीख एका वहीत लिहीत जा. क्रमांक हातात असला तर खिडकीवरचा माणूस फाइल शोधतो. नसला तर 'पुढच्या आठवड्यात या'.

अर्जासोबत गल्लीची यादी जोडा. यात सगळ्यात जास्त मेहनत आहे आणि अभिप्राय अनुकूल येण्याची सगळ्यात जास्त शक्यताही यातूनच येते. घरोघर जाऊन प्रत्येक मिळकतीची एक ओळ लिहायची: सि.स. नंबर, तळमजल्यावर काय, वर काय, मजले किती, बांधकामाचं अंदाजे वय, भाडेकरू किती, गाडी कुठं उभी राहते. नकाशात निवासी असलेल्या गल्लीत निम्म्याहून जास्त तळमजल्यांवर दुकानं आहेत हे यादीतून दिसलं, की 'मूळ स्वरूप बदलत नाही' हा युक्तिवाद वेगळा मांडावा लागत नाही. फेरी दोनदा मारा, सकाळी आणि संध्याकाळी. सराफी भागात वरच्या मजल्यावर कारागीर बसतात, भट्टी आणि अॅसिडचं काम चालतं. सकाळी बंद दार पाहून तुम्ही 'राहती जागा' लिहाल. घाऊक धान्याचं गोदाम असेल तर ट्रक कधी येतो तेही लिहा. शेजाऱ्यांच्या हरकती दुकानावर कमी, रात्री अकराला गल्ली अडवणाऱ्या ट्रकवर जास्त येतात. ही गोष्ट यादीतून लपवलीत तर सुनावणीत ती त्यांच्या तोंडून निघते.

पायरी ६: योजना सुधारण्याचं काम सुरू असेल तर थांबा

कलम ३८ प्रमाणे विकास योजना किमान २० वर्षांतून एकदा सुधारायची असते. तुमच्या शहरात हे काम सुरू झालं असेल, तर स्वतंत्र फेरबदलाच्या मागे लागू नका. सगळ्यात स्वस्तात दुरुस्ती होते ती अस्तित्वातील जमीन वापर नकाशाच्या टप्प्यावर. सर्वेक्षण करणाऱ्यानं तुमची मिश्र गल्ली नुसती राहती म्हणून रंगवली असेल, तर पुढचा सगळा प्रस्ताव त्यावरच उभा राहतो. वरची यादी घेऊन तेव्हाच कार्यालयात जा आणि लेखी द्या.

प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की कलम २६ खाली हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. हे दिवस राजपत्रातल्या तारखेपासून मोजतात, तुमच्या वर्तमानपत्रात बातमी आली त्या दिवसापासून नव्हे. एकाच मजकुराच्या झेरॉक्सवर दोनशे सह्या करून देण्याची पद्धत आहे. अशा हरकती एका गठ्ठ्यात ऐकल्या जातात आणि एकाच वाक्यात निकाली निघतात. गल्लीची एक सामायिक हरकत जरूर द्या, पण प्रत्येक मालकानं आपल्या सि.स. नंबरची, भाग नकाशा जोडलेली, एका पानाची हरकतही द्यावी. तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणी नियोजन समितीपुढे होते; तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. वेळ मिनिटांत मिळतो. नकाशा, एक फोटो आणि एक मागणी, एवढंच न्या.

दोन सापळे लक्षात ठेवा. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना त्याचाही विचार होतो, त्यामुळे जुन्या योजनेत बसणारा तुमचा नकाशा अचानक अडू शकतो. आणि शासन योजना मंजूर करतं तेव्हा मोठे बदल असलेले भाग कधी कधी वगळून ठेवतं आणि त्यांच्यासाठी वेगळ्या हरकती मागवतं. 'योजना मंजूर' अशी बातमी वाचून पेढे वाटण्याआधी वगळलेल्या भागांच्या यादीत आपली गल्ली नाही ना, ते पाहा.

पायरी ७: परवानगी न ठरणारे कागद

घरपट्टी वाणिज्य दरानं भरता, म्हणून वापर मंजूर झाला असं नाही. कर प्रत्यक्ष वापरावर लागतो. दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ खाली कामगार थोडे असतील तर फक्त सूचना द्यायची असते, तिची पावतीही जमिनीच्या वापराची परवानगी नव्हे. वाणिज्य वीजमीटर तर अजिबातच नाही. ही तीन कागदं फाइलला लावून 'वीस वर्षांपासून दुकान आहे' हे दाखवता येतं, यादीला पुरावा म्हणून ती उपयोगी पडतात, तेवढंच.

तळमजल्यावर जुना भाडेकरू किंवा पागडीवाला असेल तर झोन बदलल्यानं त्याचा ताबा सुटत नाही. तो भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल नगररचना विभागात लागत नाही. त्याच्याशी लेखी समजूत आधी करा, नकाशे नंतर. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर महापालिका हद्दीत संरचनात्मक तपासणीचं प्रमाणपत्र लागतं; माळद आणि लाकडी खांबांच्या वाड्यावर वाणिज्य वजन टाकण्याआधी ती तपासणी तशीही करायलाच हवी.

खर्चात विकास शुल्क धरा. वाणिज्य वापराला ते निवासीपेक्षा जास्त आणि रेडीरेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराशी जोडलेलं असतं. शासन फेरबदल मंजूर करताना अधिमूल्याची, म्हणजे प्रीमियम भरण्याची अटही घालू शकतं. अधिसूचनेच्या शेवटच्या परिच्छेदात ती असते, आणि ती पाळेपर्यंत मंजुरी कागदावरच राहते.

अधिसूचना निघाली की राजपत्राची प्रत काढून घ्या, नगररचना विभागातल्या मूळ नकाशावर बदल उतरवला का ते स्वतः पाहा, आणि त्याच पाच मुद्द्यांचा नवा झोन दाखला मागा. तो हातात आल्यावर कलम ४४ चा अर्ज करायचा. नकाशा तपासायला कनिष्ठ अभियंता जागेवर येईल तेव्हा तोही पहिली टेप ओट्यापाशीच लावेल, तेव्हा हद्दीबाहेरचा ओटा त्याआधी काढून ठेवा.